उकल कीं उसनवारी?

मुंबईच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत सध्यां एक तक्रार इतक्या एकमुखानें केली जाते कीं, तिच्याविरुद्ध ब्र काढणें म्हणजे स्वतःच्याच शहाणपणाविषयीं शंका उत्पन्न करून घेणें होय. गिरगांवांतल्या उरल्यासुरल्या चाळींत जा, दादरच्या नव्या इमारतींत जा, कीं परळ-लालबागेंत गिरण्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत जा, चहाचा पेला हातीं येण्यापूर्वींच यजमान सांगूं लागतात, "पोरगा दिवसभर त्या पडद्यावरच्या खेळांत डोकें घालून बसतो. वाचन नाहीं, विचार नाहीं. डोक्याचा पार भुगा झाला." आम्हीहि कालपरवांपर्यंत या तक्रारीस मान डोलावीत होतों. परंतु गेल्या दिवाळींत एका स्नेह्यांच्या घरीं जें पाहिलें, त्यानें आमचें मत पालटलें. आणि तें पालटलेलें मत उघडपणें मांडणें आमचें कर्तव्य आहे.

प्रसंग साधा आहे. दादरच्या त्या घरीं चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा संगणकापुढें बसला होता. पडद्यावर एका ओसाड वाड्यांतील खोली आणि तींत बुद्धिबळाचा पट. पटावर आठ वजीर असे बसवावयाचे होते कीं, एकाचाहि दुसऱ्यावर मारा होऊं नये. मुलगा तासभर झगडत होता. सात वजीर बसत. आठव्यास घर उरत नसे. शेजारीं कागदावर त्यानें चौकटी आंखून खाडाखोड केलेली होती. तीर्थरूप दोनदां येऊन रागें भरून गेले. इतक्यांत मुलाचे काका आले. "काय रे, कुठं अडलंय?" असें त्यांनीं मायेनें विचारलें, खिशांतला फोन काढला आणि अर्ध्या मिनिटांत आठहि वजिरांचीं घरें वाचून दाखविलीं. वाट मोकळी झाली. "काकांनीं कसं चुटकीसरशीं सोडवलं बघ!" असें म्हणून सर्वांनीं काकांची वाहवा केली. मुलानें कागद चुरगळला आणि तो न बोलतां गच्चीवर निघून गेला.

वाचकांनीं या प्रसंगाचा क्षणभर विचार करावा. त्या घरांत त्या वेळीं खऱ्या अर्थानें विचार करीत असलेला मनुष्य एकच होता, आणि अविचारी म्हणून बोलणीं खाल्लीं तीं त्यानेंच. ज्यानें त्याचा विचार मध्येंच तोडला, तो मात्र हुशार ठरला.

ज्यांनीं असे खेळ दुरूनच ओवाळून टाकले आहेत, त्यांच्यासाठीं थोडी माहिती देणें अवश्य आहे. मुलगा खेळत होता तो खेळ 'द सेव्हन्थ गेस्ट'. तो १९९३ सालीं निघाला. आज नव्या यंत्रांवरहि चालतो. स्टॉफ नांवाच्या एका खेळणीं करणाऱ्या कारागिराच्या झपाटलेल्या वाड्यांत हिंडत, खोल्याखोल्यांतून मांडलेलीं कोडीं सोडवीत पुढें जावयाचें, असें त्याचें स्वरूप. त्यांत बुद्धिबळाचीं अनेक कोडीं आहेत: आठ वजिरांचें, पांढऱ्या व काळ्या उंटांनीं एकमेकांच्या माऱ्यांत न येतां जागा बदलण्याचें, आणि घोड्यांच्या अदलाबदलीचें. २०२५ सालीं निघालेल्या 'ब्लू प्रिन्स' या खेळांतहि वाडाच आहे. पंचेचाळीस खोल्यांच्या त्या वाड्याची रचना रोज बदलते, आणि शेचाळिसावी खोली शोधून काढील त्या मुलास वारसा मिळावयाचा असतो. पटावरील चौकटीस आपण 'घर' म्हणतों. या वाड्यांतून हिंडणें म्हणजे मोठ्या पटावर घर शोधणेंच होय.

हा पोरखेळ आहे काय? आठ वजिरांचें कोडें यंत्राबरोबर जन्मलेलें नाहीं. माक्स बेत्सेल या जर्मन बुद्धिबळपटूनें तें १८४८ सालीं मांडलें. १८५० सालीं फ्रान्झ नाउक यानें त्याचीं ९२ उत्तरें प्रसिद्ध केलीं. आणि गाउससारखा गणितज्ञशिरोमणि त्याच्या नादीं लागला तेव्हां प्रथम त्याचीहि मोजणी चुकली! घोड्यांच्या अदलाबदलीचें कोडें तर १५१२ सालच्या इटालियन हस्तलिखितांत सांपडतें. आणि आमचा या विद्येशीं संबंध काय म्हणाल, तर नवव्या शतकांतील काश्मिरी पंडित रुद्रट यानें 'काव्यालंकारां'त असा श्लोक रचून दाखविला आहे कीं, त्याचीं अक्षरें पटावर मांडून घोड्याच्या चालीनें वाचलीं असतां पुन्हा तोच श्लोक उमटावा. मूळच्या पैठणच्या आणि काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्ट यांच्या 'व्यवहारमयूखा'चें प्रामाण्य मुंबई बेटांतील न्यायालयें वारसाहक्काच्या खटल्यांत मानीत. त्याच नीलकंठांच्या 'भगवंतभास्कर' या महाग्रंथांत बुद्धिबळाचें आणि घोड्याच्या पटभ्रमणाचेंहि विवेचन आहे. पेशवाई पुण्यांत अजून नांदत असतां, १८१४ सालीं, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळविषयक संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर मुंबईंतच छापलें गेलें. आणि त्यांत मुख्यतः काय होतें? अभ्यासूंनीं सोडवावयाचे डाव! अर्थात् ज्या गोष्टीस आमचे गृहस्थ 'परक्यांचें खूळ' म्हणतात, तिचें छापील पुस्तक याच शहरांत दोनशें वर्षांपूर्वीं निघालें होतें.

आतां उकल करतांना मनांत काय घडतें तें पाहूं. चौसष्ट घरांत आठ वजीर वाटेल तसे ठेवूं म्हटलें तर मांडणीचे प्रकार होतात ४,४२,६१,६५,३६८. आयुष्य पुरणार नाहीं. परंतु ज्या क्षणीं मुलाच्या ध्यानांत येतें कीं, एका आडव्या ओळींत आणि एका उभ्या रांगेंत एकेकच वजीर बसूं शकतो, त्या क्षणीं ते ४४२ कोटी प्रकार ४०,३२० वर येतात. एका विचारानें एवढा डोंगर सपाट झाला! मग तो डावीकडून एकेक वजीर बसवीत जातो. अडला कीं शेवटचा उचलून मागें येतो, पुन्हा पुढें जातो. आपली चूक नेमकी कोठें झाली तेथवरच मागें यावें, सारा पट उधळून देऊं नये, हें शिक्षण त्यास कोण देतो? घोड्यांच्या कोड्यांत तर याहून मौज आहे. तीन गुणिले तीन घरांच्या लहान पटावर वरच्या दोन कोपऱ्यांत दोन काळे, खालच्या दोन कोपऱ्यांत दोन पांढरे घोडे. मधल्या घरांत घोडा कधींच जाऊं शकत नाहीं. बाकीचीं आठ घरें घोड्याच्या चालीनें जोडून पाहिलीं, तर त्यांची एकच माळ होते! मग कोडें उरतेंच कोठें? माळेवर चौघांनीं एकाच दिशेनें चार चार पावलें सरकावें. सोळा चालींत अदलाबदल पुरी. वांकडी दिसणारी गोष्ट दुसऱ्या बाजूनें पाहिली असतां सरळ असते, हें ज्ञान मुलास ज्या दिवशीं स्वतः होतें, तो दिवस त्याच्या आयुष्यांत सोन्याचा होय. आणि नेमका तोच दिवस काकांनीं अर्ध्या मिनिटांत लुबाडला.

या खेळाच्या कर्त्यांनीं आमच्या समाजाचें जणूं चित्रच काढून ठेवलें आहे. स्टॉफच्या वाड्यांत एक ग्रंथालय आहे व त्यांत एक पुस्तक आहे. कोड्यांत अडलेल्यानें तें उघडावें. पहिल्या व दुसऱ्या वेळीं तें केवळ सूचना देतें. तिसऱ्या वेळीं उघडल्यास कोडें स्वतःच सोडवून टाकतें. आमचें सारें विवेचन या भेदावर उभें आहे. सूचना देणारा तो गुरु. कोडें सोडवून देणारा तो दलाल. आणि आम्ही मध्यमवर्गीयांनीं आपल्या मुलांचें उभें शिक्षण या तिसऱ्या पृच्छेवर उभारलें आहे! शाळेचें पाठ्यपुस्तक हातीं येण्यापूर्वीं 'गाईड' येतें. परीक्षेपूर्वीं 'अपेक्षित प्रश्नसंच' येतो. दादर स्थानकाबाहेर क्लासांच्या पाट्या वाचीत चाललें तर घरापर्यंत करमणूक पुरते. अलीकडे तर यंत्रास प्रश्न सांगितला कीं निबंध तयार. मुलानें विचार करूं नये याची एवढी सिद्धता करून ठेवल्यावर, "मुलगा विचार करीत नाहीं" म्हणून गळा काढण्यास आम्हांस लाज कशी वाटत नाहीं?

आमच्यावर आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, यांत वेळ जातो, डोळे जातात. हा आक्षेप खरा आहे. घड्याळ लावावें, तासानें यंत्र बंद करावें. कोडें डोक्यांत घेऊन मूल गच्चीवर गेलें तरी चालेल, किंबहुना अधिक चांगलें. सर्व खेळ सारखे नाहींत, हेंहि आम्ही मान्य करतों. नुसत्या गोळीबाराची आम्ही वकिली करीत नाहीं.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. ते म्हणतात, "पूर्वजांनीं शोधलेलें पुन्हा शोधीत कशाला बसावें? पाढे तरी पाठच करतों ना?" पाढा हें साधन आहे, तें पाठ असावें, म्हणजे त्याच्या साहाय्यानें पुढचें काम होतें. परंतु आठ वजिरांच्या जागा पाठ करून जगांतलें कोणतें काम होणार आहे? तें उत्तर कवडीमोलाचें आहे. मोल आहे तें उत्तरापर्यंतच्या वाटेचें. तालमींत दुसऱ्याकडून जोर मारून घेतले, तर दंड कोणाचे भरतात? उत्तमोत्तम बुद्धिबळपटूहि ग्रंथ वाचतात, पण आधीं पटाशीं झुंज घेऊन मग.

तिसरा आक्षेप जुन्या मंडळींचा: "बुद्धिबळ खेळावयाचें तर खरा पट मांडावा, पडद्यावर कसलें बुद्धिबळ?" हा आक्षेप आम्हांस सर्वांत प्रिय आहे, कारण गिरगांवच्या चाळींच्या गॅलऱ्यांत रात्रीं उशिरापर्यंत चालणारे डाव आम्हींहि पाहिले आहेत. परंतु आम्ही विचारतों, तो पट तुमच्या घरीं आज कोणत्या माळ्यावर आहे? मुलानें तुम्हांस "एक डाव टाकूं या" म्हटलें, तेव्हां तुम्ही काय उत्तर दिलें? याच गिरगांवांतल्या 'नवाकाळ'च्या खाडिलकरांच्या घरांतून वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन भगिनी निघाल्या. वासंतीबाईंनीं १९७४ सालीं स्त्रियांचें पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. रोहिणीबाई १९७६ सालीं, अवघ्या तेरा वर्षांच्या असतांना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरल्या आणि १९८१ सालीं आशियाई विजेत्या झाल्या. २०२५ च्या जुलैंत नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें एकोणिसाव्या वर्षीं बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हां आमच्या वर्गांतील प्रत्येक फोनवर तिचें छायाचित्र झळकलें. अभिमान वाटला, तो योग्यच. परंतु त्याच फोनवरून आम्ही आपल्या मुलास आठ वजिरांच्या जागा वाचून दाखवितों! दुसऱ्याच्या मुलीच्या एकाग्रतेचा अभिमान आणि स्वतःच्या मुलाच्या एकाग्रतेचा भंग, हे दोन्ही उद्योग एकाच हातानें करणाऱ्यास काय म्हणावें?

आमची मागणी फार नाहीं. मूल कोड्यांत अडलें असतां त्याच्या शेजारीं बसावें. "कुठपर्यंत आलास, मला सांग बरं" एवढेंच विचारावें; सांगतां सांगतां अर्धी गांठ सुटते. फार झालें तर एक सूचना द्यावी, दुसरी द्यावी. तिसरी पृच्छा झाली, तर "आतां उद्यां पाहूं" म्हणावें आणि जेवावयास बसावें. उत्तर आपणांस ठाऊक नसेल तर तसें निःसंकोच कबूल करावें; बापासहि न येणारें कोडें आहे हें कळल्यानें मुलाची हिंमत खचत नाहीं, उलट वाढते.

त्या दादरच्या मुलासंबंधीं सांगावयाचें राहिलें. निघतांना आम्ही गच्चीवर जाऊन त्याची भेट घेतली आणि या कोड्याचीं उत्तरें ९२ आहेत, हें त्याच्या कानावर घातलें. त्यानें अविश्वासानें आमच्याकडे पाहिलें. "म्हणजे काकांनीं सांगितलं ते एकच?" "एकच." तो खालीं जाऊन चुरगळलेला कागद शोधूं लागला. त्यानें पुढें किती उत्तरें काढलीं, हें विचारण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. काकांस मात्र आम्हीं जिन्यांतच हात जोडून विनंति केली कीं, उरलेल्या एक्याण्णवांस त्यांनीं हात लावूं नये.