प्रतिकारशक्ती ‘वाढवायची’ म्हणजे नेमकं काय?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं निमित्त होतं, पण खरं कारण आळस. परवा मात्र भिशीत एकीने मुलांची इम्युनिटी वाढवणाऱ्या पावडरीचा डबा दाखवला. म्हणाली, “बाई, तुमच्याही नातवाला द्या हो. कोरोनात केवढा त्रास झाला त्याला! प्रतिकारशक्तीच कमी होती ना त्याची.”

तिथे मी गप्प बसले. भिशीत वाद घातला की पुढचे चार महिने पुरतो. म्हणून इथे लिहिते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात सगळ्यांनाच कोरोना झाला. ह्यांना आणि मला आठ-दहा दिवस अंथरूण सोडवेना. सात वर्षांच्या नातवाला मात्र एक दिवस कणकण आली आणि दुसऱ्या दिवशी तो गॅलरीत बॅट घेऊन उभा! मी फोनवर नातेवाइकांना सांगत सुटले, “मुलांना काही होत नाही हो.” तुमच्यापैकी काही जणांनी ते ऐकलंही असेल.

चार आठवड्यांनी त्याला १०३ ताप आला. पोट दुखत होतं, डोळे लाल, अंगावर पुरळ. मी म्हटलं, मे महिना आहे, उष्णता झाली. सब्जाचं पाणी दिलं, पोटाला ओव्याचा शेक दिला. सून दवाखान्यात नेऊ म्हणत होती, मी थांबवलं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिने मला न विचारता रिक्षा बोलावली. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “महिन्याभरात घरात कुणाला कोरोना झाला होता का?” टू-डी एको केला, तर हृदयाचे स्नायू अशक्त झालेले. आजाराचं नाव एमआयएस-सी. कोरोना होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांमध्ये उद्भवतो. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं, स्टेरॉइड दिली. नवव्या दिवशी पोरगं घरी आलं. आता उत्तम आहे, फार बोलतो.

मी मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञानाशी माझा संबंध स्टाफरूमपुरता. पण हे प्रकरण डोक्यातून जाईना. माझ्या पुतण्याची मुलगी डॉक्टर आहे, तिला छळून छळून समजून घेतलं. ती म्हणाली, “आजी, आधी नाकापासून सुरू करू.” विषाणू शिरला हे ओळखणारी यंत्रणा मुलांच्या नाकातल्या पेशींत आधीपासूनच जागी असते, असं बर्लिनच्या संशोधकांना २०२१ मध्ये दिसलं. त्यामुळे इंटरफेरॉन नावाचा इशारा लगेच सुटतो आणि विषाणूला फार वाढायला वेळच मिळत नाही. मोठ्यांमध्ये हाच इशारा उशिरा जातो.

दुसरी गोष्ट ऐकून तर मी चकितच झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २०२० मध्ये मुलांच्या आणि मोठ्यांच्या अँटिबॉडी ताडून पाहिल्या. मुलांमध्ये त्या कमी प्रकारच्या होत्या, मुख्यतः विषाणूच्या बाहेरच्या काट्यांविरुद्धच्या. मोठ्यांकडे जास्त प्रकारच्या. आणि तरी मुलं लवकर बरी होत होती! म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं, हा हिशेब इथे लागूच होत नाही.

आणि शाळा बंद होत्या म्हणून मुलं वाचली असंही नाही. मार्च २०२० पासून शाळा बंद, तरी २०२१ च्या जून-जुलैमध्ये आयसीएमआरने देशभर रक्ततपासणी केली तेव्हा ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये अँटिबॉडी सापडल्या. आपणच घरी आणला असणार तो, भाजीच्या पिशवीबरोबर नाही, तर श्वासाबरोबर. शाळांबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. असो.

मग नातवाचं काय बिघडलं? त्याची ‘शक्ती’ कमी नव्हती. ती थांबायचं विसरली आणि आपल्याच माणसांवर धावून गेली. २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अमेरिकन संशोधन आलं. एमआयएस-सी झालेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये अशा अँटिबॉडी सापडल्या, ज्या विषाणूच्या प्रथिनाचा एक तुकडा आणि शरीरातलंच एसएनएक्स-८ नावाचं प्रथिन यांत गल्लत करत होत्या. दोन्ही दिसायला सारखे. दवाखान्यात त्याला जी औषधं दिली, ती प्रतिकार वाढवायला नव्हती, शांत करायला होती.

मला वाटतं, घोळ आपल्या शब्दातच आहे. ‘शक्ती’ म्हटलं की दंडबैठका आठवतात आणि पावडरीचे डबे खपतात. वेळेवर जागं होणं, नेमकं ओळखणं आणि काम झालं की थांबणं, याला मराठीत ‘तारतम्य’ हा सुरेख शब्द आहे. ते डब्यात मिळत नाही. हा आजार तेव्हाही दुर्मीळ होता, ओमायक्रॉननंतर तर फारच कमी झाला, त्यामुळे घाबरवायचा हेतू नाही. पण लहान मुलाला ताप आला, तर मागच्या महिन्यात घरात कोण आजारी होतं हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि घरात जी आई ‘दवाखान्यात नेऊ’ म्हणते, तिला सब्जाचं पाणी देऊन गप्प बसवू नका.

त्या दोन दिवसांबद्दल मी सुनेशी अजून कधी बोललेले नाही. ती हा ब्लॉग वाचते, हे मला माहीत आहे.