दंगलीचे लोण सीमा ओलांडते काय?

जगात कुठेही एखादे शहर पेटले की आपल्या बाजारपेठेत एकच प्रश्न विचारला जातो : हे लोण आपल्याकडे तर येणार नाही ना? प्रश्न रास्त आहे. दंगलीत पुढाऱ्याला मते दिसतात, वर्तमानपत्राला मथळा दिसतो. व्यापाऱ्याला मात्र आपले दुकान दिसते. ज्याच्यावरील रागातून दंगल उसळते तो बहुधा बंदोबस्तात सुरक्षित असतो. रस्त्यावर उघडी असतात ती दुकाने, हातगाड्या आणि कारागिरांचे गाळे.

या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे दिली जातात. पहिले असे की, दंगल गरिबीमुळे होते. दुसरे असे की, त्यामागे बाहेरचा हात असतो. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. गरिबी आपण एका दिवसात हटवू शकत नाही आणि बाहेरचा हात आपल्याला दिसत नाही; म्हणून या दोन्ही उत्तरांनंतर माणूस हातावर हात ठेवून बसतो. व्यापाऱ्याला असे बसणे परवडणारे नाही.

गरिबी आदल्या दिवशीही होती

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराचे उदाहरण घेऊ. मार्च १९९१ मध्ये तेथील पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय इसमाला रस्त्यात बेदम मारहाण केली. एका रहिवाशाने ती कॅमेऱ्याने टिपली आणि साऱ्या देशाने ती दूरचित्रवाणीवर पाहिली. तरीही २९ एप्रिल १९९२ रोजी ज्युरीने चार आरोपी पोलिसांपैकी एकालाही दोषी ठरवले नाही. त्याच दिवशी शहर पेटले. पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली आणि सुमारे एक अब्ज डॉलरची मालमत्ता नष्ट झाली.

त्या वस्त्यांत गरिबी आणि बेकारी होती हे खरे. पण ती २८ एप्रिललाही होती. २९ तारखेला नवे घडले ते एवढेच की, दाद मागण्याचा शेवटचा दरवाजाही बंद झाला असे लोकांना वाटले. गरिबी हे सरपण आहे. ठिणगी पडते ती अन्यायाची दखल कोणी घेणार नाही या भावनेतून.

या दंगलीचा दुसरा धडा व्यापाऱ्यांसाठी अधिक कडू आहे. कोरियातून येऊन तेथे स्थायिक झालेल्या दुकानदारांची दोन हजारांहून अधिक दुकाने लुटली वा जाळली गेली. किंगला मारहाण करणाऱ्यांत कोणी कोरियन नव्हता. मग त्यांच्यावरच राग का? किंगच्या मारहाणीनंतर दोनच आठवड्यांच्या आत एका कोरियन दुकानदारीण बाईने संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या वादात पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला गोळी घालून ठार केले होते आणि न्यायालयाने त्या बाईला तुरुंगात धाडले नव्हते. एकीचे कृत्य, पण त्याची किंमत हजारो कुटुंबांनी मोजली. हा न्याय नव्हे. परंतु ज्या वस्तीत गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांना संशयाखेरीज दुसऱ्या नात्याने ओळखत नाहीत, तेथे असेच होते.

सीमा कोण ओलांडते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ४ मे १९९२ रोजी कॅनडातील टोरांटो शहरात लॉस एंजेलिसच्या निकालाविरुद्ध निषेध मोर्चा निघाला आणि त्यातून यंग स्ट्रीट या व्यापारी रस्त्यावर काचा फुटल्या, लुटालूट झाली. वरवर पाहणारा म्हणेल की, दंगल सीमा ओलांडून गेली. पण त्याआधी दोनच दिवस टोरांटोतील पोलिसाच्या गोळीने तेथील एक कृष्णवर्णीय तरुण ठार झाला होता. बातमी अमेरिकेतून आली. दुखणे मात्र टोरांटोचे स्वतःचे होते.

याच्या उलट २०११ ची गोष्ट. ४ ऑगस्टला लंडनच्या टॉटनहॅम भागात मार्क डगन हा तरुण पोलिसांच्या गोळीने ठार झाला. त्याने आधी पोलिसांवर गोळी झाडली, असा समज प्रारंभी पसरला होता आणि तो खरा नव्हता. पुढे २०१४ मध्ये चौकशीतील ज्युरीने बहुमताने त्याचा मृत्यू कायद्यास धरून ठरवला. पण ६ ऑगस्टला नातेवाईक पोलिस ठाण्यासमोर खुलासा मागत उभे राहिले तेव्हा त्यांना जबाबदारीचे उत्तर मिळाले नाही. त्या रात्री टॉटनहॅम पेटले आणि चार दिवसांत आग बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूल, नॉटिंगहॅमपर्यंत गेली. पुष्कळ ठिकाणी मूळ गाऱ्हाणे बाजूला राहिले आणि बूट, कपडे, टीव्ही लुटणे तेवढे उरले. तरीही त्याच देशातील स्कॉटलंडमध्ये तशी दंगल झाली नाही. समुद्रापलीकडच्या फ्रान्समध्येही झाली नाही, जेथे २००५ मध्ये पोलिसांना चुकवताना दोन मुले विजेच्या केंद्रात मरण पावल्यावर सुमारे तीन आठवडे हजारो मोटारी जळत होत्या. दूरचित्रवाणी सगळीकडे एकच दृश्य दाखवत होती. पण पेटले ते काहीच ठिकाणी.

तर मग असंतोष देशोदेशी पसरतच नाही काय? पसरतो. ट्युनिशियातील सीदी बुझीद गावात मोहम्मद बुअझीझी हा हातगाडीवर फळे-भाजी विकणारा तरुण होता. १७ डिसेंबर २०१० रोजी अधिकाऱ्यांनी त्याचा माल आणि वजनकाटा जप्त केला. तो गव्हर्नरच्या कचेरीत दाद मागायला गेला. तेथे त्याला कोणी भेटले नाही. त्याने कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी २०११ रोजी तेवीस वर्षे सत्तेवर असलेले बेन अली देश सोडून पळाले. ११ फेब्रुवारीला इजिप्तचे होस्नी मुबारक पायउतार झाले. लिबिया, येमेन, बहरीन, सिरिया येथेही जनता रस्त्यावर उतरली. हे लोण पसरले, कारण या देशांची भाषा एक होती आणि दुखणेही एकच होते : दीर्घकाळची एकछत्री सत्ता, बेकार तरुण आणि लाच दिल्याशिवाय न हलणारी कचेरी. कोट्यवधी लोकांना त्या फळविक्रेत्यात आपलाच भाऊ दिसला.

आमचा निष्कर्ष असा की, आग सीमा ओलांडत नाही, बातमी ओलांडते. ती जेथे पोहोचते तेथे सरपण आधीच रचलेले असेल तर भडका उडतो, नसेल तर ती विझते. म्हणून परदेशातील दंगल पाहून 'ती इकडे येईल का' असे विचारण्यापेक्षा 'आपल्याकडे काय साठून राहिले आहे' असे विचारावे.

आपला अनुभव

हा धडा आपल्याला परक्यांकडून शिकण्याची गरज नव्हती. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. तिचे पडसाद डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत उमटले. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ९०० माणसे मेली. तसेच पाकिस्तान आणि बांगलादेशात देवळांवर आणि हिंदूंच्या घरा-दुकानांवर हल्ले झाले. ढाक्याच्या हिंदू दुकानदाराने अयोध्येत काही केले नव्हते आणि मुंबईच्या बेकरीवाल्यानेही केले नव्हते. एका देशातील अपराधाचा सूड दुसऱ्या देशातील निरपराध माणसावर उगवणे हा अन्याय आहे, मग तो कोणीही कोणावरही करो.

पण त्याच वेळी मुंबईला लागून असलेली भिवंडी शांत राहिली. १९७० आणि १९८४ मध्ये होरपळलेले हे यंत्रमागांचे गाव. १९८४ नंतरच्या वर्षांत पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. त्यांत दोन्ही समाजांतील साधी माणसे पोलिसांबरोबर नियमित बसत होती. भांडण लहान असतानाच मिटत होते आणि अफवा आली की ती खरी की खोटी, हे विचारायला ओळखीचा माणूस होता. मुंबईची बातमी भिवंडीपासून दूर नव्हती. तरी भडका उडाला नाही.

काही व्यापारी बांधव म्हणतात, "शांतता राखणे सरकारचे काम, आमचे नव्हे." काम सरकारचे आहे यात शंका नाही आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. परंतु बर्मिंगहॅममध्ये १० ऑगस्ट २०११ च्या पहाटे काय झाले ते पाहावे. आपल्या भागातील दुकाने राखण्यासाठी उभ्या असलेल्या तीन मुस्लिम तरुणांना मोटारीने उडवले आणि ते मरण पावले. आशियाई आणि कृष्णवर्णीय समाजांत आता सूडसत्र सुरू होणार अशी भीती होती. तेव्हा त्यांतील एकाचे वडील तारिक जहान यांनी लोकांपुढे येऊन शांत राहण्याचे आणि घरी परतण्याचे आवाहन केले. सूडसत्र झाले नाही. ते सरकारी माणूस नव्हते. त्यांचा शब्द चालला, कारण सर्वात मोठे नुकसान त्यांचेच झाले होते.

कागद तयार ठेवा

सलोखा राखूनही दुकान जळू शकते, हेही मान्य केले पाहिजे. लंडनच्या क्रॉयडन भागातील रीव्ह्ज हे १८६७ पासूनचे फर्निचरचे दुकान. २०११ मध्ये एका रात्रीत राख झाले. तेव्हा ब्रिटनमध्ये १८८६ चा एक कायदा लागू होता. शांतता राखणे पोलिसांचे काम आहे, ते झाले नाही तर भुर्दंड एकट्या दुकानदाराने का सोसावा, या तत्त्वावर पोलिसांच्या निधीतून भरपाई देण्याची त्यात तरतूद होती. २०१६ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि प्रत्येक दाव्यास दहा लाख पौंडांची मर्यादा आली. आपल्याकडे दंगलग्रस्त व्यापाऱ्याला बहुधा सरकार जाहीर करील त्या मदतीवर अवलंबून राहावे लागते. भरपाई मेहरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळावी, ही मागणी व्यापारी संघटनांनी जात-धर्म न पाहता एकत्र येऊन लावून धरावी, असे आमचे मत आहे.

तोवर विमा हाच आधार. एका ठिकाणी पाच कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या उद्योग-व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. आगीबरोबर दंगलीचे नुकसानही तिच्यात येते. मात्र धंदा बंद राहिल्याने बुडालेला नफा त्यात येत नाही. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. लॉस एंजेलिसच्या अनेक कोरियन दुकानदारांचा विमा नव्हता किंवा अपुरा होता. ते पुन्हा उभे राहू शकले नाहीत. मालाची यादी, खरेदीची बिले, यंत्रांच्या पावत्या आणि गाळ्याचा भाडेकरार यांच्या प्रती दुकानाबाहेर, दुसऱ्या जागी ठेवाव्यात. दुकानाबरोबर कागदही जळाले तर दावा कशाच्या आधारे करणार?

आणि या कागदांइतकीच महत्त्वाची आहे ती शेजाऱ्याची ओळख. गिऱ्हाईकाला त्याच्या नावाने हाक मारावी, शेजारच्या दुकानदाराच्या सुखदुःखात जावे, गल्लीतील रिकाम्या पोराला हाताखाली काम शिकवावे आणि मोबाइलवर आलेली अफवा पुढे पाठवण्याआधी चौकशी करावी. बातमीला आपण अडवू शकत नाही. ती आपल्या गल्लीत शिरेल तेव्हा तिथे सरपण किती असावे, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे.