पालकांस कळविण्यांत येतें कीं—

मृगाचा पाऊस पडला, पंचगंगेचें पाणी गढूळ झालें आणि शाळांचीं दारें उघडलीं, म्हणजे करवीरांतील घराघरांत कागदांचा दुसरा पाऊस सुरू होतो. "पालकांस कळविण्यांत येतें कीं" या चार शब्दांनीं ज्यांचा आरंभ होतो असे हे कागद, किंवा हल्लींच्या रीतीप्रमाणें मोबाईलवरचे निरोप, वाचकांस परिचित आहेतच. हप्ता अमुक तारखेच्या आंत भरावा, गणवेश अमुक रंगाचा असावा, स्नेहसंमेलनाची वर्गणी पाठवावी, गाडीचें भाडें यंदा वाढलें आहे याची नोंद घ्यावी. आमच्या एका व्यापारी स्नेह्यानें आपल्या मुलाच्या शाळेकडून वर्षभरांत आलेले असे सारे निरोप आम्हांस एकदां दाखविले. आम्हीं ते सवडीनें वाचून पाहिले, तेव्हां त्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पालकांकडून कांहीं घ्यावयाचें असेल तो निरोप तीन-तीनदां येतो. पालकांस कायद्यानें कांहीं द्यावयाचें असेल तो निरोप एकदांही येत नाहीं. शिक्षक-पालक संघाची सभा केव्हां भरली, तींत कोण निवडले गेले, पुढील वर्षाची फी कोणीं व कोणत्या हिशेबानें मंजूर केली, याविषयीं एक ओळ त्या ढिगांत सांपडली नाहीं. शाळेचें नांव आम्ही येथें देत नाहीं. कारण दोष एका शाळेचा नसून पद्धतीचा आहे.

निरोप पोहोंचविणें कठीण असतें, ही सबब तर कोणीं सांगूंच नये. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारापातळीस लागून ४३ फुटांच्या धोकापातळीकडे सरकूं लागलें, आणि जिल्हाधिकाऱ्यांनीं शाळांना सुटी दिली, तर तो हुकूम गंगावेशींतल्या चहाच्या टपरीवर व शिरोलीच्या कारखान्याच्या फाटकावर एकाच घटकेस ऐकूं येतो. २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत कित्येक शाळांच्या इमारतींत पूरग्रस्तांचे संसार मांडले गेले. कोणत्या शाळेंत जावयाचें हें लोकांना कळलें, भाकरी कोठें पाठवावयाची हेंही कळलें. तेव्हां ज्या गांवीं सुटीची बातमी पोरांच्या पायांहून वेगानें धांवते, त्या गांवीं सभेची बातमी मात्र शाळेच्या दाराशींच बसून राहते, याचा अर्थ एकच. ती पाठविण्याची इच्छा नाहीं, आणि ती मागण्याची आम्हां पालकांस संवय नाहीं.

करवीरच्या रहिवाशांस या प्रकरणीं थोडें मागें वळून पाहावयास लावणें भाग आहे. ना. गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. तें बिचारें फार नेमस्त होतें. सक्ती करावयाची कीं नाहीं हें स्थानिक संस्थांच्याच मर्जीवर त्यानें सोडलें होतें. तरीसुद्धां १९१२ च्या मार्चांत तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. बडोद्यास श्रीसयाजीरावांनीं अमरेली प्रांतांत १८९३ सालीं प्रयोग करून १९०६ सालीं सर्व राज्यास सक्ती लागू केली होती, आणि साम्राज्याच्या कौन्सिलानें जें नाकारलें तें १९१७ सालीं आमच्या कोल्हापुरांत श्रीशाहू छत्रपतींनीं कायद्यानें करून दाखविलें. दरसाल एक लाख रुपयांची तरतूद झाली, शिक्षण मोफत झालें, आणि जो आईबाप मूल शाळेंत धाडणार नाहीं त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला गेला. पुढें १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून सर्व मुलांना एकाच शाळेंत बसविण्याचा हुकूम सुटला. तो पचवावयास पुष्कळांना किती जड गेलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां या १९१७ च्या कायद्यांत पालकाची जागा कोणती होती? तो दंड भरणारा इसम होता. तो काळच तसा होता. अजाण रयतेस धाकानें शाळेच्या उंबऱ्यापर्यंत आणणें हेंच पहिलें काम होतें, आणि ज्या राजानें तो धाक घातला त्याचे उपकार आज आम्ही वाचतों लिहितों याच्यांतच दिसून येत आहेत. परंतु दंड भरणाऱ्या पालकाचा जाब विचारणारा पालक व्हावयास ९२ वर्षें लागलीं. २००९ सालीं बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. त्याच्या एकविसाव्या कलमानें शाळेशाळेंत व्यवस्थापन समिती सांगितली. विनाअनुदानित खासगी शाळा तेवढ्या यांतून वगळल्या आहेत. या समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, एकूण सभासदांपैकीं निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल व वंचित वर्गांतील मुलांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणांत जागा मिळाल्या पाहिजेत. शाळेच्या कामावर देखरेख करावी, विकासाचा आराखडा करावा, सरकारांतून व इतरत्रून आलेला पैसा कसा खर्च होतो हें पाहावें, अशीं त्यांचीं कामें. आमच्या वकिलीच्या धंद्यांत आम्हीं पुष्कळ कायदे चाळले. पण पाथरवटाच्या बायकोस सरकारी पैशाचा हिशेब मागण्याचा एवढा उघड अधिकार देणारीं कलमें आम्हांस फार थोडीं आढळलीं.

तो अधिकार कागदावरून खालीं कां उतरत नाहीं? याचें उत्तर शोधावयास फार लांब जावयास नको. सभा कामाच्या दिवशीं सकाळीं अकरा वाजतां ठेवावयाची. त्या वेळीं शहरांतली आई धुणींभांडीं करावयास परक्याच्या घरीं असते, आणि खेड्यांतली भांगलणीस शेतांत असते. मग प्रोसीडिंगचें बुक घेऊन शिपाई किंवा एखादा पोरगा घरोघर फिरतो, बाई ओल्या हातानें सही करते किंवा आंगठा उठविते, आणि "सभेस बहुसंख्य पालक उपस्थित होते" असें सुंदर मराठी वाक्य दप्तरीं दाखल होतें. कशावर सही केली असें त्या बाईला विचारा, ती सांगेल, "मास्तरांचा कागद होता."

येथें मुख्याध्यापकांचीही बाजू सांगणें न्यायाचें आहे. त्यांच्या माथीं निवडणुकीच्या याद्या, जनगणनेचीं व सर्वेक्षणाचीं कामें, खिचडीच्या तांदळाचा हिशेब, आणि संगणकावर रोज भरावयाचीं नानाविध माहितीपत्रकें. यांतून वेळ काढून शिकविणाऱ्या शिक्षकाला सभेचीही यातायात नको वाटली तर आम्हांस त्याचा राग येत नाहीं. परंतु दर सभेस खरे पालक आले, तर या ओझ्यांतलें निम्में ओझें अनाठायीं आहे हें वरिष्ठांस सांगणारीं दहा तोंडें त्यालाच मिळतील, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं याचें मात्र नवल वाटतें.

हें झालें सरकारी, महापालिकेच्या व अनुदानित शाळांचें. आमचे बहुतेक वाचक म्हणतील कीं, आमचीं मुलें तेथें नाहींत; आम्ही पैसे मोजून खासगी शाळेंत घालतों, आम्हांस या समित्यांशीं काय कर्तव्य? त्यांच्यासाठीं कायदा निराळा आहे, आणि तो त्यांनीं वाचलेला नाहीं असें आम्हांस भीत भीत सांगावें लागतें. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ असें त्याचें लांबलचक नांव. त्याअन्वयें शाळेचें वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आंत मुख्याध्यापकानें शिक्षक-पालक संघ स्थापावयाचा. प्रत्येक पालक आपोआप त्याचा सभासद होतो. इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती नेमावयाची, म्हणजे चालकांच्या मर्जींतल्या चार असामींनाच तेथें बसवितां येऊं नये. सभासदांचीं नांवें सूचनाफलकावर लावावयाचीं. पुढील वर्षीं फी किती घ्यावयाची याचा प्रस्ताव तें वर्ष सुरू होण्याच्या निदान सहा महिने आधीं या समितीपुढें ठेवावयाचा, समितीनें तीस दिवसांत निर्णय द्यावयाचा, आणि जी फी ठरेल ती दोन वर्षें बदलावयाची नाहीं. चालकांचा व समितीचा आंकडा पंधरा टक्क्यांहून अधिक फरकाचा राहिला तर विभागीय नियामक समितीचें दार आहे.

शाहू मार्केट यार्डांत गुळाच्या रव्यामागें वजनांत अर्धा किलो इकडचा तिकडे झाला तर आमचा व्यापारी काटा पुन्हां लावावयास सांगतो. गुजरींतला सराफ तर गुंजेचाही हिशेब सोडीत नाहीं. परंतु तोच गृहस्थ शाळेच्या खिडकीशीं उभा राहिला म्हणजे "इतर शुल्क" या दोन शब्दांपुढें लिहिलेला हजारोंचा आंकडा निमूटपणें भरतो आणि पावतीही घडी न उलगडतां खिशांत घालतो. मुलावर राग निघेल, ही भीति त्याच्या मनांत असते. ती खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. म्हणूनच एकट्यानें भांडूं नये असें आमचें सांगणें आहे, आणि कायद्याचा कलही तिकडेच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें निदान पंचवीस टक्के पालक एकत्र आल्याशिवाय फीविषयीं तक्रार करतां येत नाहीं असें केलें. ही अट आम्हांस पसंत नाहीं. एकट्याची तक्रार खरी असली तरी ती बाहेर राहावी यांत न्याय कोणता? पण अट आहे तोंवर पंचवीस टक्के पालकांनीं एकमेकांस ओळखणें प्राप्त आहे, आणि त्यांची ओळख होण्याची कायदेशीर जागा म्हणजे हीच सभा.

आणि ज्यांचीं मुलें आपल्या शाळेंत नाहींत त्यांच्याशीं आपला संबंध नाहीं, हें तरी कोठें खरें आहे? खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांसाठीं राखलेल्या आहेत. ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं सरकारनें एक अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या आंत सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेस या बंधनांतून मोकळें केलें. मुंबई उच्च न्यायालयानें त्या वर्षीं मे महिन्यांत तिला स्थगिती दिली व १९ जुलैस ती रद्द केली. एवढें मोठें घडलें, पण यार्डांतल्या ज्या हमालाच्या पोरीची जागा त्यांत गेली होती आणि परत आली, त्या हमालास यांतलें काय कळलें असेल? त्याला तर अर्जाची मुदतसुद्धां संपल्यावर कळते. पेढीवर बसलेल्या शेठजींनीं आपल्या हमालास ती तारीख वेळेवर सांगितली, तर पेढीचें कांहीं बिघडत नाहीं. खासगी शाळांचें सरकारकडे येणें थकतें ही त्यांची कुरकुर रास्त आहे. तिचा दावा सरकारवर लावावा, पोरीवर नव्हे.

सरकारची स्वतःची कळविण्याची तऱ्हाही अशीच आहे. वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढाव्या, असा विचार २०२३ सालीं पुढें आला. गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या धनगरवाड्यावर पट वीस कसा भरावा? तेथें वस्तीच मुळीं दहा-पंधरा घरांची. पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत असावी असें या राज्याचेच नियम सांगतात. आषाढांत ओढा भरला म्हणजे तें एक किलोमीटरसुद्धां फार होतें. पहिलीपासून हिंदीचेंही तेंच झालें. १६ एप्रिल २०२५ रोजीं हुकूम निघाला, १७ जूनला त्याचें रूप बदललें आणि २९ जूनला तो मागें घेतला गेला. तीन महिन्यांत तीन तऱ्हा. ज्या पालकांचीं मुलें हें शिकणार होतीं त्यांना कोणीं आधीं विचारलें? शाळेशाळेंत जिवंत समित्या असत्या तर राज्यभरांतलें मत पंधरा दिवसांत गोळा झालें असतें, आणि सरकारची शोभाही झांकली असती.

पालक जागे झाले तर काय होतें हें पाहावयास करवीरकरांस परगांवीं जावयास नको. महापालिकेची जरगनगरची मराठी शाळा येथेंच आहे. गुढीपाडव्यास तेथें प्रवेश सुरू होतात आणि आदल्या रात्रीपासून आईबाप रांगेंत बसतात. महापालिकेच्या शाळा ओस पडल्या, मराठीला कोणी विचारीत नाहीं, असें गळा काढून सांगणाऱ्यांनीं एका पाडव्याच्या पहाटे तेथें जाऊन यावें. इमारत महापालिकेची, माध्यम मराठी, शिक्षक त्याच पगारपत्रकांतले. मग फरक कशाचा? शिक्षकांनीं मनावर घेतलें आणि पालकांचा पाठीवर हात राहिला, एवढाच. अर्थात् एका शाळेपुढें रात्रभर रांग आणि दुसरीचे वर्ग रिकामे, ही कांहीं महापालिकेला भूषणाची गोष्ट नव्हे. जें जरगनगरांत होतें तें इतर पेठांत कां होत नाहीं, याचा जाब प्राथमिक शिक्षण समितीला विचारला पाहिजे.

महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीनें व जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागानें एवढें करावें. व्यवस्थापन समितीच्या प्रत्येक सभेची सूचना सोप्या मराठींत आठ दिवस आधीं शाळेच्या दारावर, देवळाच्या पारावर व मोबाईलवर जावी. सभा दिवेलागणीनंतर किंवा रविवारीं भरावी. आलेल्या व खर्च झालेल्या पैशाचा तक्ता, सामान्य माणसास वाचतां येईल अशा अक्षरांत, सूचनाफलकावर राहावा. पंचवीस टक्क्यांच्या प्रवेशाची तारीख झोपडपट्टींत व यार्डांत कर्ण्यावरून पुकारावी. शहरांत दवंडी बंद झाली असली तरी कर्णे लावण्याची हौस आमच्या पेठांत मुळींच कमी नाहीं.

खासगी शाळांच्या पालकांस आमचें सांगणें याहून थोडक्यांत आहे. जूनच्या मध्यास शाळा उघडली कीं तीस दिवस मोजावे. ते जुलैच्या मध्यास संपतात. तोंवर संघाच्या सभेची सूचना आली नाहीं, तर चार पालकांनीं मिळून मुख्याध्यापकांस लेखी विचारावें, पत्राच्या नकलेवर पोहोंच घ्यावी, आणि ती नक्कल जपून ठेवावी.