चार तासांची गोळी आणि गेटवर उभी असलेली आई

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात "एका जागी बसतच नाही", "डोकं आहे पण लक्ष नाही" असा शिक्का बसलेलं पोरगं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरात नाही त्यांनी तर वाचाच, कारण हे शिक्के मारणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

माझी धाकटी बहीण सिन्नरला असते. घरात मशीन टाकून ब्लाउज शिवते. तिचा मुलगा सहावीत आहे. गेल्या वर्षी नाशिकला दाखवल्यावर एडीएचडी असल्याचं निदान झालं. म्हणजे लक्ष टिकत नाही, हातपाय थांबत नाहीत, मनात आलं की बोलून आणि करून मोकळं. गोळी सुरू झाली. मिथाइलफेनिडेट तिचं नाव. रोज सकाळी नाश्त्यानंतर एक. चार महिन्यांनी वहीत शेरा आला, "औषध चालू असूनही वर्तनात फरक नाही." बहिणीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "दादा, गोळ्या बंद करू का रे? उगाच पोराच्या पोटात विष घालतेय असं वाटतं."

रविवारी सिन्नरला गेलो आणि कागदावर वेळा मांडल्या. शाळा दुपारची, १२ ते साडेपाच. गोळी सकाळी साडेसातला. ही साधी गोळी साधारण तीन ते चार तास काम करते. म्हणजे साडेअकराला खेळ खलास. असर होता तेव्हा पोरगं घरात शांतपणे कार्टून बघत होतं, आणि असर उतरला की दप्तर उचलून शाळेत जात होतं! वर काही मुलांना असर उतरताना तासभर जास्तच चिडचिड होते. ती नेमकी पहिल्या तासाला. गोळीने फरक पडला नाही असं सरांना वाटलं, यात सरांचं काय चुकलं? त्यांनी गोळीचा असर बघितलेलाच नव्हता.

शाळा सकाळची की दुपारची, हा एक प्रश्न कोणी विचारला नव्हता. बहिणीने सांगितलं नाही, समोरच्याने विचारलं नाही. चार महिने असेच गेले.

आता काही जण कमेंटमध्ये लिहिणार, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही, दोन रट्टे दिले की सरळ व्हायचो." होतं हो, आपल्या वेळीही होतं. प्रत्येक वर्गात बाकावर उभा राहिलेला एक जण होता. तो नववीत शाळा सोडून ट्रकवर क्लीनर म्हणून गेला आणि आपण म्हणालो, त्याचं डोकंच नव्हतं. जगभरातल्या अभ्यासांचा सरासरी अंदाज असा की शंभरातल्या पाचेक मुलांना हा त्रास असतो. ६० च्या वर्गात तीन. सगळ्यांना गोळी लागतेच असं नाही. पण रट्ट्याने कोणाचं बरं झाल्याचं ऐकिवात नाही, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत रट्टा द्यायला बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गंमत शेजारपाजारच्या सल्ल्याची. "असर पुरत नाही ना, मग दोन दे एकदम." अजिबात नाही. साध्या गोळीचा डोस वाढवला की असर जोरात होतो, दिवसभर पुरत नाही. पोराची भूक मरते, छाती धडधडते, आणि दुपारी पुन्हा तेच. दिवस पुरवायचा असेल तर वेळा बसवाव्या लागतात. एक मार्ग म्हणजे साध्या गोळीचे दिवसातून दोन डोस, गरज असेल तर तिसरा छोटा. दुसरा मार्ग म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी. ती प्रकाराप्रमाणे सात-आठ तासांपासून दहा-बारा तासांपर्यंत चालते. तिसरा मार्ग ॲटोमॉक्सेटिनसारखं वेगळ्या जातीचं औषध. ते चोवीस तास अंगात काम करतं, पण पूर्ण असर दिसायला काही आठवडे लागतात. कोणाला कोणतं लागू पडेल हे डॉक्टरच ठरवणार. पण डॉक्टरांनी ते ठरवायला आपण त्यांना पोराचा दिवस सांगायला पाहिजे ना? उठतो किती वाजता, शाळा कधी, क्लास कधी, जेवतो कधी, झोपतो कधी. आणि हळूहळू विरघळणारी गोळी कुटून मधात द्यायची नाही. कुटली की आठ तासांचा माल एकदम पोटात उतरतो.

आमच्या डॉक्टरांनी वेळा ऐकल्या आणि दोन मिनिटांत वेळापत्रक बदललं. पहिली गोळी सव्वाअकराला जेवल्यावर, दुसरी तीनच्या सुट्टीत. पहिल्या आठवड्यात पोराने गणिताची वही पूर्ण केली. आता सगळं सुरळीत, असं वाटलं आम्हाला.

दुसरी गोळी द्यायची कोणी?

शाळा म्हणाली, आम्ही औषध देत नाही, जबाबदारी कोण घेणार, त्यातून ही "तसली" गोळी. मी विचारतो, शाळेत गोळ्या देत नाहीत? २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला देशभरातल्या शाळांत जंताची गोळी कोण देतं? शिक्षकच ना? लोहाची निळी गोळी आठवड्याला वर्गात समोर उभं राहून कोण गिळायला लावतं? शिक्षकांना गोळी देता येते, रजिस्टरला नोंद करता येते, हे सरकारनेच दाखवून दिलं आहे. एका पोराची एक गोळी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, पालकांच्या सहीसह, मुख्याध्यापकांच्या कपाटात का राहू शकत नाही?

आता माझी बहीण रोज पावणेतीनला मशीन बंद करते, चालत शाळेच्या गेटवर जाते आणि सुट्टीत पोराच्या हातावर गोळी ठेवते. पोरं विचारतात, तुझी आई रोज काय देते रे? तो सांगतो, चॉकलेट. अकरा वर्षांचं पोरगं आपल्या औषधाबद्दल खोटं बोलायला शिकलं. हे आपण त्याला शिकवलं.

मग आठ तासांवाली गोळी का नाही, असं तुम्ही म्हणाल. डॉक्टरांनी लिहून दिली. एका शनिवारी मी सिन्नरपासून गोळे कॉलनीपर्यंत, जिथे अख्ख्या जिल्ह्याचा औषधांचा घाऊक बाजार आहे तिथपर्यंत, चिठ्ठी घेऊन फिरलो. "नाही ठेवत." "बंद केलं." एका दुकानात तर काउंटरवरच्या पोराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कोणासाठी पाहिजे?" भाच्यासाठी गोळी मागताना मला पहिल्यांदा गर्दुल्ला असल्यासारखं वाटलं.

दुकानदारांची बाजूही सांगतो. ही गोळी औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्ये आहे. ती विकायला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दोन वर्षं जपून ठेवावी लागते. शिवाय १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीतही तिचं नाव आहे. महिन्याला दोन-चार गिऱ्हाइकांसाठी एवढा व्याप कोण करणार? धंद्याचं गणित मला कळतं. पण नियमांत "विकू नका" असं कुठेही लिहिलेलं नाही. "नोंद ठेवून विका" असं लिहिलं आहे. उलट एनडीपीएस नियमांप्रमाणे रुग्णाला स्वतःच्या उपचारासाठी अशा औषधाचे १०० डोस जवळ बाळगता येतात, आणि डॉक्टरांनी दीर्घ उपचारासाठी तसं लिहून दिलं तर ३०० पर्यंत. म्हणजे कायद्याने रुग्णाचा विचार केला आहे. आपण घाबरून त्याचा विचार सोडून दिला आहे.

आणि घाबरायचं कोणी? आपल्या नाशिकने? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला. मुंबईचे पोलीस येऊन धाड टाकून गेले. शेकडो कोटींचा माल तयार होईपर्यंत इथे कोणाला वास आला नव्हता. मालेगावात "कुत्ता गोळी" कुठे मिळते हे शाळकरी पोराला माहीत असतं. ज्यांना नशा करायची त्यांना चिठ्ठी लागत नाही, दोन प्रती लागत नाहीत, शेड्यूल एक्स लागत नाही. सगळे नियम येऊन पडले कोणावर? दोन प्रतींत चिठ्ठी घेऊन, आधार कार्ड घेऊन, रांगेत उभ्या राहिलेल्या आईवर.

यात माझाही वाटा आहे, तो कबूल करतो. काही वर्षांपूर्वी डेस्कवर असताना एका मेडिकलवरच्या कारवाईची बातमी आली होती. यादीत पाच-सहा औषधांची नावं होती, त्यात हेही होतं. दुकानदाराच्या नोंदी अपुऱ्या होत्या, एवढाच विषय. मी हेडिंग दिलं, "नशेच्या गोळ्यांचा साठा जप्त." चार कॉलम. छान दिसलं होतं पानावर. आज कळतं, त्या हेडिंगनंतर त्या भागातल्या किती दुकानदारांनी "नको ही कटकट" म्हणून ही गोळी ठेवणं बंद केलं असेल, आणि किती आया माझ्यासारख्या दारोदार फिरल्या असतील. पत्रकार मित्रांनो, औषधाचं नाव आणि नशेचं नाव एका ओळीत लिहिताना एक फोन डॉक्टरला करा.

दुरुपयोग होतो का? होतो. परीक्षेच्या आधी रात्रभर जागायला ही गोळी शोधणारी पोरं आहेत. निदान नसताना मार्कांसाठी गोळी मागणारे पालकही असतील. त्यांना चाप बसलाच पाहिजे, म्हणून नियम सैल करा असं मी म्हणत नाही. ही गोळी साधी नाही. भूक कमी होते, उशिरा घेतली तर झोप उडते. वजन, उंची, नाडी, रक्तदाब ठरावीक दिवसांनी बघावेच लागतात. आणि दिवसाचा प्रत्येक तास गोळीने भरायचा अट्टाहासही नको. संध्याकाळी पोराला मैदानात धावू द्या, रात्री जेवू द्या, झोपू द्या. पण शाळेचे साडेपाच तास तरी त्याच्या हाती लागू देत, एवढंच मागणं आहे.

एका ठिकाणी मात्र कायदाच आडवा येतो. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शेड्यूल एक्स आणि एनडीपीएसमधली औषधं फोनवर किंवा व्हिडिओवर लिहून देता येत नाहीत. सुरगाण्याच्या आईबापाने चिठ्ठीसाठी रोजगार बुडवून नाशिकपर्यंत यायचं. नवीन रुग्णाला समोर तपासा, बरोबर आहे. पण वर्षभर एकाच डोसवर स्थिर असलेल्या पोराला तालुक्याच्या सरकारी डॉक्टरसमोर बसवून, नाशिकच्या तज्ज्ञाने व्हिडिओवर बघून, चिठ्ठी पुढे चालू ठेवता येणार नाही का?

शाळेतल्या मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात पालघरला सुरू झाला. त्याच्या यादीत एडीएचडी आहे. म्हणजे शोधायचं सरकारने ठरवलं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे मोफत आणि कायम मिळाली पाहिजेत. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर आपल्या म्हसरूळला आहे. कागदावर काही कमी नाही.

म्हणून चार साध्या मागण्या करतो.

एक. अन्न व औषध प्रशासनाने नाशिक शहरात आणि प्रत्येक तालुक्याला किमान एक अशी दुकानं ठरवावीत जिथे ही औषधं कायम मिळतील, आणि ती यादी जाहीर करावी.

दोन. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शिक्षण विभागांनी एका पानाचं परिपत्रक काढावं. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांची सही असेल तर दुपारची गोळी शाळेत, नोंद करून, खासगीत दिली जाईल.

तीन. सिव्हिल, मालेगावचं सामान्य रुग्णालय आणि कळवणचं उपजिल्हा रुग्णालय इथे साध्या आणि दीर्घ असराच्या, दोन्ही गोळ्यांचा साठा अखंड ठेवावा. गेल्या तीन वर्षांचा हिशेब मी माहिती अधिकारात मागतोय, उत्तर आलं की इथेच टाकीन.

चार. डॉक्टरांना हात जोडून विनंती, चिठ्ठी लिहिण्याआधी शाळेची वेळ विचारा. पालकांनो, डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. आणि स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नका, बंदही करू नका.

हे लिहिताना दुपारचे पावणेतीन झालेत. सिन्नरला मशीन बंद झालं असेल, बहीण निघाली असेल. पाकिटात नऊ गोळ्या उरल्यात, कालच तिने मोजून सांगितलं. म्हणजे शाळेचे साडेचार दिवस. सोमवारी मी परत गोळे कॉलनीत.

तुमच्या भागात ही गोळी कुठे मिळत असेल, किंवा कोणती शाळा समजूतदारपणे दुपारचा डोस देत असेल, तर कमेंटमध्ये जरूर सांगा. पोरांची नावं मात्र लिहू नका.