मोटारसायकलला मागचे कॅरिअर बसवताना



गेल्या खेपेला आपण बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासावी ते पाहिले. आजचा विषय निराळा आहे. तो गोठ्यातला नाही, बांधावरचाही नाही. दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलचा आहे.

पूर्वी ओझे वाहायला दारात बैलगाडी असे. आता दुधाची किटली, फवारणीचा पंप, बियाण्याची पिशवी, बाजारची भाजी सारे मोटारसायकलवरून जाते. त्यातही अलीकडे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांना चालणाऱ्या उंच गाड्या वाड्यावस्त्यांवर दिसतात. २०११ साली इम्पल्स आली, पुढे ती बंद झाली. २०१६ साली हिमालयन आली, २०१९ साली एक्सपल्स आली. नाला, चिखल, खडकाळ पाणंद यांना ही गाडी सहसा अडत नाही. अशी गाडी घरी आली, की चार दिवसांत मालक वेल्डिंगच्या दुकानी उभा राहतो आणि म्हणतो, "एक दणकट कॅरिअर मारून द्या."

मीही तसाच उभा राहिलो होतो. बी.एस्सी. अ‍ॅग्री. झालेला, गावोगाव चार गोष्टी सांगत फिरणारा माणूस. पण तिथे मी डोळे मिटून घेतले. कारागिराने मागची धरायची दांडी काढली, तिच्याच भोकांत, तिच्याच जुन्या बोल्टांनी जाड पट्टीचे कॅरिअर आवळले. "साहेब, क्विंटल टाका, हलणार नाही," म्हणाला. मी खूश झालो.

पंधरा दिवसांनी पेरणीच्या घाईत आम्ही दोघे शेतावर निघालो. कॅरिअरवर बियाणे आणि पंप, मध्ये आमच्या सौभाग्यवती. धरायला दांडी नाही, म्हणून त्यांनी कॅरिअरच धरले होते. नाल्याच्या उताराला एक दणका बसला आणि कॅरिअर, पंप, बियाणे आणि मंडळी सारे एकदमच खाली! मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. तेवढे दिवस धार काढायला मी बसत होतो, आणि गाय मला पाहून पान्हा चोरत होती. हसू नका. चूक माझी होती आणि भोगले त्यांनी. म्हणून हे लिहितो आहे.

झाले काय होते? कॅरिअरच्या पट्टीची जाडी वाढली, पण बोल्ट जुनेच, आखूड. आटे जेमतेम तीन-चार धरलेले. खडकाळ वाटेच्या थरथरीने ते हळूहळू सुटत गेले. लोखंड मोडले नाही, बोल्ट निसटला.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की कॅरिअर बसवण्याआधी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढा. गाडीने एकूण किती वजन न्यायचे ते तिच्यात दिलेले असते. त्यात चालवणारा, मागे बसणारा आणि सामान सगळेच धरायचे. कॅरिअर कितीही दणकट केले, तरी त्याखालची चौकट तीच राहते. पुस्तिकेत कॅरिअरसाठी वेगळा आकडा असेल, तर तो पाळा. तो तुम्हाला कमी वाटेल, पण तो खराच मानायचा.

दुसरी गोष्ट वजन कुठे पडते याची. बैलगाडीत ओझे मागे गेले, की गाडी उलाळ होते हे तुम्हाला मी सांगायला नको. मोटारसायकलचे तसेच आहे. दोन चाकांच्या आसांत साधारण १४० सेंटिमीटर अंतर असते. मागच्या आसाच्या ३५ सेंटिमीटर मागे २० किलो ठेवले, तर पुढच्या चाकावरचे ५ किलो कमी होतात आणि मागच्या चाकावर २५ किलो पडतात. वीस लिटर दूध म्हणजे किटली सोडून साडेवीस किलोंच्या वर. पुढचे चाक हलके झाले, की चढाला आणि चिखलात हँडल ऐकत नाही. म्हणून कॅरिअर लांबच लांब मागे काढू नका. शक्य तितके सीटला लागून आणि खाली ठेवा. या गाड्यांची सीटच ८० सेंटिमीटर किंवा त्याहून उंच असते, त्यावर उंच डोलारा नको.

आता प्रत्यक्ष बसवणे. कॅरिअर सीटखालच्या लोखंडी चौकटीलाच धरले पाहिजे. मडगार्डला, प्लास्टिकला किंवा टेललाईटच्या पट्टीला नव्हे. निदान चार ठिकाणी आधार हवा. पट्टीची जाडी जितकी वाढली, तितका बोल्ट लांब घ्या. आठ मिलिमीटरच्या बोल्टाचे निदान आठ मिलिमीटर आटे आत बसले पाहिजेत. डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला बोल्ट मागा, तो कणखर असतो. खाली वायसर, आणि नट लागत असेल तिथे नायलॉनचे कडे असलेला नट वापरा.

चारही बोल्ट आधी हाताने धरवा, मग आळीपाळीने, समोरासमोरचे आवळत जा. भोक जुळत नसेल तर पहारीने ओढून बसवू नका. कानशीने भोक थोडे लांबट करा. ओढून बसवलेले कॅरिअर पुढे वेल्डिंगपाशी तडकते.

वेल्डिंग करायचे तर कॅरिअर गाडीवरून उतरवून करा. गाडीच्या चौकटीला वेल्डिंग करू देऊ नका. जवळ पेट्रोलची टाकी असते, आणि नव्या गाड्यांतील इंजिनचे इलेक्ट्रॉनिक यंत्र वेल्डिंगच्या करंटने निकामी होऊ शकते.

या उंच गाड्यांची आणखी एक खोड ध्यानात ठेवा. मागचे चाक दणक्याला पुष्कळ वर येते. एक्सपल्स २०० मध्ये ते १७० मिलिमीटर वर येऊ शकते. म्हणजे उभ्या गाडीत मोकळी दिसणारी जागा दणक्यात मोकळी राहीलच असे नाही. खाली आलेल्या बोल्टाच्या टोकांना ओला चुना लावा, मागे एक मोठे माणूस बसवून गाडी सावकाश एका उंचवट्यावरून न्या आणि टायर पाहा. टायरवर चुना दिसला तर टोके कापा किंवा बोल्ट उलटा घाला. सायलेन्सर वर असतो, त्या बाजूला गोणपाट किंवा पिशवी लोंबू देऊ नका. टेललाईट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकता कामा नये.

धरायची दांडी आणि साडीगार्ड मात्र काढू नका. बसणाऱ्याला धरायला पकड आणि मागच्या चाकाला आडोसा हवा, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियमच सांगतो. दांडी ठेवून बसेल असेच कॅरिअर घ्या.

बसवून झाले, की प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीवर रंगाची एक बारीक रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावायची गरज नाही. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पुढे गाडी धुताना रेघ पाहायची सवय घरातल्या मुलांना लावा. त्यांची नजर आपल्याहून तेज असते.

सामान बांधताना दोरीचे टोक मोकळे सोडू नका, ते चाकात किंवा साखळीत जाते. कीटकनाशक आणि खाण्याचे जिन्नस एका खेपेला, एका पिशवीत नेऊ नका. आणि ओझे जास्त असेल त्या दिवशी मागे माणूस बसवू नका, दोन खेपा करा. दुसऱ्या खेपेला पेट्रोल थोडे जाते, पण हाड मोडले तर हंगाम जातो.

आमच्या सौभाग्यवतींचे मनगट आता बरे आहे. पावसाळी हवेत ठणकते, तेव्हा त्या काही बोलत नाहीत, नुसत्या माझ्याकडे पाहतात. मी उठतो, कंदिलाऐवजी आता बॅटरी घेतो, आणि दारात जाऊन रेघा पाहून येतो.

आजच संध्याकाळी तुम्हीही आपले कॅरिअर एकदा हाताने हलवून पाहा. पुढच्या खेपेला फवारणी पंपाच्या नोझलविषयी बोलू.