वास्तू आणि स्वर

कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या या वास्तूसाठी सारे शहर हळहळले आणि पुनर्बांधणीची मागणी तत्काळ पुढे आली. ती रास्तच होती. परंतु ज्याच्या नावाने ही वास्तू ओळखली जाते, त्याच्या गायकीचा परिचय हळहळणाऱ्यांपैकी कितीजणांना होता, हा प्रश्न अप्रिय असला तरी विचारावयास हवा.

केशवराव १९२१ साली, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी गेले. त्याच वर्षी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसमवेत झालेला त्यांचा ‘संयुक्त मानापमान’ पुढे दंतकथाच बनला. मायक्रोफोनच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण रूढ झाले, ते त्यानंतर. साहजिकच केशवराव उरले ते मुख्यतः श्रोत्यांच्या स्मरणात. आणि श्रोत्यांची पिढी सरली की स्मरणाची आख्यायिका होते. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये ४१ व्या वर्षी निवर्तले. पण त्यांच्यामागे ध्वनिमुद्रिका होत्या आणि स्वरांचा वारसा पुढे नेणारी मुले होती. द. वि. पलुसकर १९५५ मध्ये ३४ व्या वर्षी गेले. त्यांची भजने आणि ‘बैजू बावरा’तील अमीर खाँ यांच्यासोबतचे गायन, त्यांना कधीही न पाहिलेले श्रोते आजही आवडीने ऐकतात.

अकाली मृत्यू कलावंताभोवती एक हळवे वलय निर्माण करतो. ‘आणखी जगते तर’ या हळहळीत आपण इतके रमतो की, त्यांनी प्रत्यक्ष जे केले त्याचा अभ्यास मागे पडतो. पुण्यतिथी, पुरस्कार, सभागृहाला नाव हे उपचार नाव टिकवतात. गाणे टिकवीत नाहीत.

येथे कायद्याची अडचणही फारशी नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो; म्हणजे या तिघांच्या हयातीत निघालेल्या ध्वनिमुद्रिका त्या बंधनातून केव्हाच मुक्त झाल्या आहेत. संग्राहकांच्या कपाटांतील जुन्या तबकड्या जमवून, त्यांची शास्त्रशुद्ध नोंद करून त्या शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोचविणे हे विद्यापीठांचे व शासनाचे कर्तव्य ठरते. जळालेली भिंत पुन्हा बांधता येते. झिजून गेलेल्या तबकडीतला स्वर मात्र कोणत्याही अनुदानाने परत मिळणार नाही.