प्लेट की नेल, हा दुसरा प्रश्न

पळस्पे फाट्यावरून गोव्याचा महामार्ग सुटतो, कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग. पनवेलच्या रस्त्यांवर पावसाळ्यात खड्डा चुकवताना दुचाकी घसरते, माणूस खांद्यावर आपटतो आणि कॉलर बोन मोडतं. एक्स-रे हाती येताच नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, प्लेट टाकायची की रॉड?" त्याआधी विचारायला हवं, की ऑपरेशन लागणारच आहे का?

हे हाड बहुधा मध्यावर मोडतं. मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो, हाताच्या वजनाने बाहेरचा खाली जातो. तुकडे फारसे सरकलेले नसतील, तर हात झोळीत ठेवूनही हाड जुळतं. लहान मुलांचं तर बहुधा जुळतंच. 1960 मध्ये अस्थिशल्यचिकित्सक नीर यांनी ऑपरेशन न केलेल्या 2,235 रुग्णांपैकी फक्त तिघांचं हाड न जुळल्याचं नोंदवलं आणि पुढे कित्येक वर्षं ऑपरेशन अनावश्यक मानलं गेलं. 2007 च्या कॅनडातील चाचणीने हा समज हलवला. पूर्ण सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये विनाऑपरेशन 49 पैकी सात जणांचं हाड जुळलं नाही. प्लेट बसवलेल्या 62 पैकी दोघांचंच जुळलं नाही.

ऑपरेशन ठरलं, की निवड येते. हाडाचे बरेच तुकडे झाले असतील, तर प्लेट भक्कम. ती लांबी धरून ठेवते. पण कातडीखाली ती हाताला लागते, बॅगेचा पट्टा टोचतो, छेदाखाली बधिरपणा राहू शकतो. टायटॅनियमची लवचीक नेल, म्हणजेच रॉड, छातीकडच्या टोकातून छोट्या छेदाने आत जाते. व्रण लहान राहतो. साध्या, दोन तुकड्यांच्या फ्रॅक्चरला ती चांगली. चुरा झालेल्या हाडात मात्र हाड आखूड होण्याचा धोका असतो. नेलचं टोक टोचू शकतं आणि हाड जुळल्यावर ती बहुधा काढावी लागते. 2015 मध्ये 120 रुग्णांवरील डच चाचणीत सहा महिन्यांनी प्लेट आणि नेल या दोन्ही गटांच्या खांद्याचं काम जवळपास सारखंच होतं.

म्हणून महाग इम्प्लांट म्हणजे चांगला उपचार, ही समजूत सोडा. हाड किती सरकलंय, तुकडे किती, ऑपरेशन टाळलं तर काय होईल आणि इम्प्लांट पुन्हा काढावं लागेल का, हे चार प्रश्न एक्स-रे समोर ठेवून विचारा. उत्तरं नीट मिळेपर्यंत संमतिपत्रावर सही करू नका. कातडी फाटून हाड बाहेर आलं असेल किंवा हात बधिर, गार पडला असेल, तर मात्र क्षणभरही थांबू नका.